उमरठच्या बागेत ठेवलेली केरसुणी

उमरठच्या मुंबईकरांनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. चौथी शिकलेय, चुका काढू नका.

आज सकाळी माहेरी उमरठला गेले. नरवीराच्या समाधीभोवती आता बाग हाय. फरशी, फुलझाडं, बाकडी, इतिहासाचा फलक. मी मात्र सवयीनं केरसुणी घेऊन गेले. लहानपणी उत्सवाच्या आदल्या दिवशी मी आणि धाकटी बहीण सुंदरा हे अंगण झाडून शेणानं सारवायचो.

माळी हसला. "आजी, फरशी सारवणार काय? बसा बाकड्यावर."

म्हटलं, "बसायला घरी ओटी हाय."

फलक पुरा वाचला. लढाया हायत, सारवण नाय. नसू दे. पण आंब्याखाली थोडी माती उरलीय. तेवढी झाडली. तीपण अर्धीच. उरलेली अर्धी सुंदराची. तिच्या वाटणीचं मी तेव्हापण कधी झाडलं नाय.

सुंदरा डोंबिवलीला असते. दर वर्षी फोनवर म्हणते, "येते गो." मग गुडघे दुखतात म्हणे. माझे काय लोखंडाचे हायत?

केरसुणी माळ्याकडंच ठेवून आलेय. तुमच्यातलं डोंबिवलीचं कोण गावाला येतंय? येताना सुंदराला गाडीत घालून आणाल काय?