लाईन गेल्यावर आई कुणाशी बोलत होती?

या ग्रुपवर भुताच्या मालिका आणि सिनेमांची सालटी काढणारा तो मीच. पांढऱ्या साडीतली बाई विहिरीच्या काठावर दिसली की ‘ताई, मेल्यावर इस्त्री कुठून करून आणली?’ असं विचारणाराही मीच. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. भुतं सोडा, मालिकेतलं मनोमीलनसुद्धा मला पटत नाही. वर्षभर एकमेकींच्या जेवणात विष कालवणाऱ्या जावा एका पेढ्यावर गळ्यात पडतात आणि मागे बासरी वाजते. लिहिणाऱ्याला प्रेक्षक म्हणजे बैल वाटतो.

तर ऐका. आम्ही जानेफळचे. घराच्या पुढच्या खोलीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मधल्या खोलीत टीव्ही आणि त्याच्यासमोर आईची खुर्ची. आई टीव्हीशी बोलते. साधंसुधं नाही, भांडते. रात्री पाहिलेला भाग दुपारी परत लागतो, तेव्हा तर तिचा संताप बघावा. “काऊन पेते वं ते दूध? त्यात औषध हाय, रातीच पाह्यलं नं आपण?” नायिका ऐकत नाही, पुन्हा पिते, आणि आई तिला मूर्खात काढते. एवढी अक्कल लेखकाला असती तर मालिका तिथेच संपली असती. सांगायचा मुद्दा, त्या खोलीतून आईचा आवाज आला तर आमच्या घरात कुणी मान वर करून बघत नाही.

आता भांडणाचं. कुसुममावशी ही आईची एकुलती एक धाकटी बहीण, साखरखेर्ड्याला दिलेली. तिच्या मुलाचं लग्न निघालं. आमच्याकडे जवळच्या माणसाला लग्नाचं बोलावणं घरी येऊन, कुंकू लावून, अक्षता हातात देऊन करतात. मावशीनं पत्रिका पाठवली ती माझ्या व्हॉट्सॲपवर. झालं. आई लग्नाला गेली नाही, आणि सख्खी बहीण आली नाही म्हणून मावशी फुगली. तेव्हापासून आईचं एकच — “तिनं माह्या दारात यावं, मंग मी बोलीन.” मावशीचंही तेच — आधी ताईनं यावं. इतकं रटाळ भांडण कुठल्या मालिकेतही चाललं नसतं. हे मी दोघींना तोंडावर सांगितलं, उपयोग शून्य.

मग मावशीच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. आईला आम्ही फक्त ‘तब्येत बरी नसते’ एवढंच सांगितलं होतं. मला भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. एक दिवस तिकडून फोन येईल आणि पुढची सगळी वर्षं आई त्या खुर्चीत बसून स्वतःला खात राहील.

उन्हाळ्यातली भर दुपार होती. लाईन गेली. प्रिंटरमध्ये कागद अर्धाच निघून अडकला, गिऱ्हाईक वैतागून गेलं. मी आत स्वयंपाकघरात आलो. बायको, संगीता, कांदा परतत होती. मधल्या खोलीतून आईचा आवाज आला.

“ये नं. दारात काऊन उभी? बस.”

आम्ही लक्षच दिलं नाही.

“हाताले काय झालं वं? पट्टी कायची हाय?” मग जरा थांबून, हळू आवाजात, “जाऊ दे. माह्यंबी चुकलंच.”

संगीता म्हणाली, “आज कोणाच्या हाताले पट्टी? रातच्या भागात तं कोणाले लागलं नव्हतं.”

तेव्हा माझं लक्ष वर पंख्याकडे गेलं. पंखा बंद होता.

मी मधल्या खोलीत गेलो. टीव्ही काळा. आई खुर्चीत बसून दाराकडे बघत होती. “कुसुम गेली आत्ताच,” म्हणाली. “चहालेबी थांबली नाई.”

समोरून यायचं तर माझ्या दुकानातून यावं लागतं, आणि आत येताना मी शटर ओढून घेतलं होतं. मागच्या दाराला आतून कडी होती. मी म्हणालो, “माय, डोळा लागला असंल तुहा. सपन पडलं.”

“सपनातल्या माणसाले मी बस म्हणीन काय बे? ते येऊन गेली. आता मले जाणं आलं.”

दिग्दर्शकाला हा प्रसंग दिला असता तर त्यानं आधी पडदे उडवले असते, कुत्री रडवली असती. आमच्या खिडकीला पडदा नाही. कांदा मात्र करपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला गाडीत घालून साखरखेर्ड्याला नेलं. मावशी अंगणात बाजेवर बसली होती. डाव्या मनगटाला पांढरी पट्टी. डायलिसिससाठी शीर जोडायचं छोटं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं होतं. आमच्याकडे कुणालाच कळवलेलं नव्हतं... मला नाही, संगीताला नाही. दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून बसल्या. मी पाणी प्यायला आत गेलो.

मावशीची सून स्वाती चहा टाकत होती. मला हळूच म्हणाली, “दादा, एक विचारू का? काल दुपारी सासूबाई दाराकडं पाहून बोलत होत्या. ये ताई, बस, म्हणे. मले वाटलं टीव्हीसंगं बोलून राह्यल्या. मंग मले म्हणाल्या, ताई येऊन गेली, चुकलं म्हणाली.”

पाण्याचा पेला मी तसाच ओट्यावर ठेवला. भुताला घाबरून नव्हे. या दोघी बोलायला लागल्या त्या, समोरची आधी आपल्या दारात आली, या एकाच समजुतीवर. आता एकीनं ‘मी कुठं आली होती’ म्हटलं की संपलंच सगळं.

मी धावत बाहेर आलो, तोवर मावशी बोलून गेली होती. “काल तू आलीस ना ताई, तवाच मी मनातलं समदं काढून टाकलं.”

आई दिवसभर आपल्या खुर्चीत होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? टीव्हीतल्या बाईचं खोटंही जिला खपत नाही, ती आई मावशीच्या पट्टीकडे बघत राहिली.

“हाव,” आई म्हणाली. “आलती मी.”

मी गाडी बघून येतो म्हणून रस्त्यावर गेलो आणि तिथे उभा राहून रडलो. बासरी वाजत नव्हती.

ऊन लागलं असेल, योगायोग असेल, कुणी आईला आधीच सांगितलं असेल — कमेंट कराल, करा. दुसऱ्याच्या पोस्टवर मीही हेच लिहिलं असतं. पट्टीचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. त्या दुपारी खरंच काय दिसलं, हे आईला मी परत विचारलेलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल, आणि मग दोघींपैकी एकीला कमीपणा घ्यावा लागेल. मावशीकडे तेवढा वेळ उरलेला नाही.