नुसतं नाव

“मला तुझा राग येतो,” असं म्हणून वैशालीनं माझं नाव घेतलं. नुसतं नाव. पुढं अक्का नाही.

मी मधल्या खुर्चीत होते. भोवती शाळेतले सगळे शिक्षक गोल बसलेले. दाराला आतून कडी. मोबाईल काढून घेतलेले. सगळे माझ्याकडं बघत होते. नजर खाली घालायची नाही, असा नियम होता.

हे प्रशिक्षण होतं. आळंद तालुक्यातली आमची मराठी शाळा ज्या संस्थेची, तिनं ते निर्ण्याजवळच्या एका शेतघरावर ठेवलं होतं. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकांनी पहिल्याच सकाळी सांगितलं, इथं बोललेलं इथंच राहील. मनात असेल ते तोंडावर बोलायचं. सर, अक्का, अण्णा बंद. सगळ्यांना नावानं हाक मारायची, म्हणजे कुणी वरचा-खालचा राहत नाही. टाळ्या पडल्या.

आमच्या गावात नुसत्या नावानं कुणाला हाक मारतात, हे त्यांना माहीत नव्हतं. वैशालीला माहीत होतं. ती मादन हिप्परग्याची. मीही तिथलीच. तिच्या घरच्या शेतावर माझा बाप राबला. तिचा लहानगा भाऊ बांधावरून ओरडायचा, “शिव्या, ए शिव्या, बैल सोड.” बाप म्हणायचा, “व्हय अप्पा.” त्या पोराला.

मी शिकले. दहावीला गणित शिकवू लागले. तेव्हा आमच्या घरातल्या कुणाला तरी पहिल्यांदा अक्का म्हटलं गेलं. वैशाली खूप नंतर शिक्षिका म्हणून शाळेत आली. तीही म्हणायची. म्हणावंच लागायचं.

आदल्या दिवशी मधल्या खुर्चीत दोघं बसले होते. आधी सुनंदाबाई, आमच्या कन्नडच्या शिक्षिका. आपल्या गेलेल्या मुलाबद्दल त्या पहिल्यांदाच बोलल्या. रडल्या, आणि त्या रात्री शांत झोपल्या. “मोकळं झालं बघा,” असं त्या आजही म्हणतात. ते खरं आहे.

मग मल्लिनाथ. प्रयोगशाळा सांभाळणारा, बोलताना अडखळणारा. भोवतालचे एकेक जण त्याला तोंडावर सांगू लागले.

“तू अडखळतोस तेव्हा मला हसू येतं.”

“तू लाचार आहेस.”

“तुझ्या अंगाला वास येतो.”

तो आधी हसला. मग त्याचं हसू थांबेना. प्रशिक्षक म्हणाले, “होऊ द्या. साचलेलं बाहेर येतंय.”

तो जेवायला आला नाही. बाहेर नळाखाली हात धरून उभा होता. पाणी वाहत होतं.

“मल्लूअण्णा, चल की जेवायला.”

“ये… येतो अक्का.”

आला नाही.

आणि आता त्या खुर्चीत मी. वैशाली बोलत होती. “तुझा बाप आमच्या दारात हात जोडून उभा ऱ्हायचा. आता तू माझ्या वर्गात येऊन मला चुका सांगायलीस. मला न्हाई सहन होत.”

“किती प्रामाणिक!” प्रशिक्षक म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “आता तिला मिठी मार.”

त्यांचा शेरा संस्थेकडं जाणार होता. मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होत होती आणि पुढचा नंबर माझा होता. खोलीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

मी उठले. “वैशाली, अक्का म्हण.”

ती प्रशिक्षकांकडं बघू लागली.

“हा अहंकार आहे,” ते म्हणाले. “तो इथंच सोडायचा.”

“सर, हिच्या घरात माझ्या बापाला कुणी काका म्हटलं न्हाई. नियम तुमचा नवीन, हाक जुनीच हाय. मी जायलेय.”

“प्रक्रिया अर्धवट सोडणं धोक्याचं असतं.”

“मल्लूअण्णाची तर पुरी झाली न्हवं?”

मल्लिनाथ गोलाबाहेर, कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसला होता. कडी मीच काढली.

शाळा भरली त्या दिवशी मल्लिनाथ आला नाही. अजून आलेला नाही. मी त्याच्या घरी गेले. बायको दार अर्धं उघडून उभी राहिली. “तिथं काय केलात ह्यांना, अक्का? जेवायलोय म्हणतेत अन् ताट तसंच ऱ्हातंय. सारखं हात धुवायलेत.” आतून पाण्याचा आवाज येत होता.

संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं. “वडलांचं अजून मनात ठेवलात म्हणं?” ते हसत म्हणाले. खोलीतलं बोलणं खोलीबाहेर आलं होतं. मुख्याध्यापिकेचं नंतर बघू, म्हणाले.

आता नव्या शिक्षकांची तुकडी जायची आहे. तेच शेतघर, तेच प्रशिक्षक. सचिव म्हणाले, “या वेळी तुम्ही नका येऊ, अक्का.”

मी जाणार आहे. ती मधली खुर्ची धरून दाराजवळ बसणार आहे. कडी लागू देणार नाही. तिच्यात कुणाला बसवायचं असेल, तर आधी ती खुर्ची माझ्या हातातून घ्यावी लागेल. आणि घेताना मला हाक मारायची झाली, तर अक्का म्हणूनच मारावी लागेल.