सगळ्यांनी छान म्हटलेला खेळ

लातूरला माझ्या मुलीने मित्रांसोबत एक ऑनलाइन खेळ बनवला होता. गावोगावचे लोक त्यात आपापलं पात्र घेऊन एकत्र खेळणार होते. बीटा टेस्टिंगला, म्हणजे आधीच चुका सापडाव्यात म्हणून, तिने तो नांदेडच्या आमच्या नातेवाइकांना दिला. मी प्रत्येकाला फोन केला, "पोरीचा जीव हाय त्यात. नावं ठेवू नका, लई छान हाय म्हणा."

खेळ सारखा अडकायचा, तरी सगळ्यांनी छानच कळवलं. नंतर बाहेरचे खेळाडू आले आणि कंटाळून निघून गेले. खेळ बनवायला ज्याने पैसे गुंतवले होते, त्याने तो बंद केला. पोरीला जमलं नाही, असं तेच नातेवाईक आजही म्हणतात.

परवा मी तिला त्या फोनचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, त्या चुका दुरुस्त होण्यासारख्या होत्या हो."