चौकोनी खिळे

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीविषयी खात्रीनं बोलू शकतील अशी दोनच माणसं उरली होती, आणि त्या दोघांमधून विस्तव जात नव्हता. एक इतिहासाचे विभागप्रमुख. दुसरा देखभाल विभागातला सुतार. सुताराला सगळे 'रंधा' म्हणत. समोर येईल त्याला तासून काढायची त्याची रीत होती आणि त्यात हुद्दा आड येत नसे.

इमारतीच्या पाठीला चिकटलेल्या दोन खोल्यांत रंधा बावीस वर्षं बायकोसह राहत होता. स्वतःचं म्हणावं असं दुसरं छप्पर नव्हतं. आता इमारत 'मूळ रूपात' आणायची टूम निघाली, आणि विभागप्रमुख सर भिंग घेऊन दारात उभे राहिले.

"या खोल्या नंतरच्या आहेत. पाडाव्या लागतील."

"तुम्हीही नंतरचेच आहात की," रंधा म्हणाला. "तुम्हाला कुठं पाडतोय कोणी?"

सरांनी हसण्याचं टाळलं. त्यांनी दाराच्या चौकटीवर बोट ठेवलं. "हे तारेचे गोल खिळे. कारखान्यातले. सभागृहाच्या दारांना मात्र लोहारानं घडवलेले चौकोनी खिळे आहेत. म्हणजे सभागृह आधीचं. खिळे खोटं बोलत नाहीत."

रंध्याच्या तोंडचं पाणी पळालं. खिळे खोटं बोलत नव्हते हे खरंच. बोलत होता तो स्वतः, गेली एकोणीस वर्षं, गप्प राहून.

झालं होतं असं. आधी बांधल्या गेल्या त्या या खोल्या, कारागिरांसाठी. सभागृह मागून आलं. खोल्यांची दारं चौकोनी खिळ्यांची होती, सभागृहाची गोल. एकोणीस वर्षांपूर्वी सभागृहाची दारं डुगडुगू लागली. सुतारकामातला जुना दंडक असा, की चांगलं लोखंड कामाला आणि उरलंसुरलं घरी. रंध्यानं आपल्याच दारांतले चौकोनी खिळे उपसले, ऐरणीवर सरळ केले आणि सभागृहाला ठोकले. घरच्या दारांना बाजारातले लावले. काम इतकं बेमालूम झालं, की मुकादमानं पाठ थोपटली होती.

"सांगून टाका की!" सर गेल्यावर बायको कडाडली. "आयुष्यभर सगळ्यांना सुनावलंत, आता जीभ टाळ्याला चिकटली होय?"

"सांगितलं तर म्हणतील, जुन्या वास्तूशी छेडछाड केली. नोकरी जाईल."

"आणि नाही सांगितलं तर घर. बसा मग कौल लावत!"

रात्र विचारात गेली असं तो पुढे सांगत असे. बायकोच्या मते तो घोरत होता.

सकाळी कुलसचिवांच्या खोलीत त्यानं सगळं सांगितलं, आणि त्याच्या खुणा कुठं सापडतील तेही. सर तिथंच होते. त्यांच्या साडेतीनशे पानी ग्रंथाचं तिसरं प्रकरण सबंध त्या खिळ्यांवर उभं होतं. छपाई सुरू झालेली.

"हा माणूस घर वाचवायला थापा मारतोय!"

"सभागृहाचं दार खोला आणि बघा," रंधा म्हणाला. "खिळ्याच्या शेजारी जुनी गोल भोकं आहेत. मेण भरलंय मी. तुमचं भिंग आणा, नाहीतर माझी पटाशी देतो."

दार खोललं. भोकं निघाली. सरांचा चेहरा पडला, आणि पडलेल्या चेहऱ्यानंच त्यांनी मागणी केली, की पुरातन वास्तूत फेरफार करणाऱ्या या इसमाला तत्काळ निलंबित करावं. कुलसचिवांनी ते मान्य केलं. कुठलीही मागणी लवकर मान्य करून जेवायला जाणं हा त्यांचा स्वभाव होता.

आदेश संध्याकाळी आला. बायकोनं मोठ्यानं वाचला. चौकशी पूर्ण होईपर्यंत कर्मचाऱ्यानं सध्याचं निवासस्थान सोडू नये; पुरावा म्हणून दोन्ही वास्तूंचा एकही दगड हलवू नये; चौकशी अधिकारी, इतिहास विभागप्रमुख.

दुसऱ्या दिवशी सर तावातावानं आले. "किती दिवस इथं ठाण मांडून बसणार आहात?"

रंध्यानं त्यांना बसायला स्टूल पुढं केलं नाही.

"मला काय विचारता? चौकशी तुमच्याकडे आहे. सावकाश करा."