पुलाखालची घंटा

पोलिक्सेनीचं घर पुलाच्या अगदी तोंडाशी. त्यामुळे लेकीनं पुलाचा इतिहास लिहायचं मनावर घेतलं, तेव्हा माहितीसाठी तिला दुसऱ्या कुणाच्या दारी जावं लागलं नाही. एवान्थिया निवृत्त शिक्षिका, साठीला टेकलेली. ऑगस्टात मारियामातेच्या जत्रेला पुस्तिका निघायची होती. अक्रोडाखाली आई घेवड्याच्या शेंगा मोडत होती आणि लेक वाचून दाखवत होती.

पूल दोनशे वर्षांचा. नवरा नदीत वाहून गेला म्हणून एका व्यापाऱ्याच्या विधवेनं बांधवून घेतला. पहिली कमान कोसळली, तेव्हा गवंड्यांनी चुन्यात हजारो अंडी घातली.

"हजारो! एवढ्या कोंबड्या तरी होत्या का गावात? निम्मी त्या गवंड्यांनीच हाणली असतील."

"आई, ऐक ना गं नीट."

कमानीच्या पोटाला घंटा टांगली होती. दरीतला वारा चढला की ती वाजायची. ती वाजत असताना पुलावर पाय ठेवायचा नाही, हा नियम. कारण पुलाला कठडा नव्हता. पुढचं वाक्य एवान्थियानं त्याच मास्तरी आवाजात वाचलं. "१९५७ साली लाम्ब्रोस हा खेचरवाला दारूच्या नशेत, घंटेला न जुमानता पुलावर गेला व पडून मेला."

लाम्ब्रोस म्हणजे तिचा बाप. 'दारुड्याची पोर' हे तिनं शाळेत जायच्या आधीपासून ऐकलं होतं. पलीकडच्या उतारावरच्या धनगरानं त्याला पुलाच्या टोकाशी झुकताना, डोलताना पाहिलं होतं. गावाला तेवढं पुरलं. मेलेल्या माणसाची बाजू घ्यायला कोण येतंय?

पोलिक्सेनीचे हात थांबले. साठ वर्षं ती गप्प राहिली होती. बोलावं तर नवऱ्याचा कलंक धुतला जाणार, पण लेकीच्या काळजावर जन्माचा दगड बसणार. आणि गप्प राहावं तर आता लेकच बापाचा कलंक छापून गावभर वाटणार.

"खोड ते. त्यानं थेंबही घेतला नव्हता."

"मग घंटा कशी नाही ऐकली?"

"वाजलीच नाही. मी बांधली होती."

एवान्थियानं चष्मा काढला.

"आठ महिन्यांची होतीस तू. डांग्या खोकला झालेला. खोकून खोकून निळी पडायचीस. तीन दिवस डोळ्याला डोळा नव्हता. जरा झोप लागली की ती मेली घंटा वाजायची न् तू दचकून उठायचीस. घंटेला तेल घालायचं काम आपल्याच घराकडे, शिडी दारातच. गेले न् घंटेच्या जिभेला माझा रुमाल गुंडाळला. तुझे बाबा औषध आणायला गेलेले. दुसऱ्या दिवशी यायचे होते. पण औषध मिळालं म्हणून तसेच निघाले."

"डोलत होते म्हणे."

"डोलत नव्हते गं. कमानीकडे वाकून, कान लावून ऐकत होते. घंटा गप्प, म्हणून निघाले."

अंगणात कोंबडी शेंगांत चोच घालत होती, तिला कुणी हाकललं नाही.

"आणि नंतर? रुमाल कुणाला दिसला नाही?"

पोलिक्सेनीला हे सांगायचं नव्हतं. पण आता राखून ठेवण्यात अर्थ नव्हता.

"किंकाळी ऐकली न् धावले. आधी शिडीवर चढले, रुमाल सोडला, घंटा वाजायला लागली. मग त्यांच्याकडे गेले." तिनं हातातली शेंग खाली टाकली. "आधी घंटेकडे गेले मी, एवान्थिया. नवऱ्याकडे नाही गेले."

एवान्थियानं पेन्सिल उचलून ते वाक्य खोडलं. त्या जागी काय लिहावं ते तिला सुचेना.

"आई, मी झोपले का तेव्हा?"

"झोपलीस. त्यांना उचलून आणलं, ह्या अंगणात ठेवलं, बाया रडत होत्या. तरी संध्याकाळपर्यंत तू हलली नाहीस."