सुभद्राबाईंच्या तलावातली तिलापिया

किस्से कोणी जमवत नाही हो, ते आपोआप साचतात. सरकारी नोकरीत काम फायलीत जातं आणि किस्से आपल्या डोक्यात राहतात. माझ्या डोक्यातले निम्मे घाटंजीकडच्या मासळी केंद्रातले. सत्तावन्न-अठ्ठावन्नचे दिवस. पाटीवर ‘संशोधन केंद्र’ असं ऐटीत लिहिलेलं, आणि आत खोदलेली चार तळी, एक टिनाची शेड, एक मायक्रोस्कोप आणि तीन माणसं! डोंगरे साहेब मुख्य, मी नवाकोरा बी.एस्सी. सहायक आणि सुखदेव राखणदार. जाळं फेकण्यापासून मायक्रोस्कोप पुसण्यापर्यंत सगळं सुखदेव करायचा. मी कागद भरायचो.

*

तिलापिया आमच्याकडे एस.टी.नं आली. नागपूरहून साहेब दुधाचा कॅन मांडीशी धरून बसले होते. दर थांब्यावर उतरायचे, मगानं ताजं पाणी घालायचे. कंडक्टर पार वैतागला.

शेजारच्या म्हातारबाबांनी कॅनमध्ये काय आहे विचारलं. साहेब खुलले. ही आफ्रिकेतली मासोळी, म्हणाले, भराभर वाढते, काहीही खाते, गरिबाला स्वस्तात पोटभर मिळेल.

म्हातारबाबांनी वाकून पाहिलं. दोन थांबे गेल्यावर म्हणाले, “भराभर वाढते, काही बी खाते. मंग इले थांबवते कोन?”

केंद्रावर आल्याआल्या साहेबांनी हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. उत्तरासाठी खाली अर्धं पान कोरं सोडलं.

*

साहेब दौऱ्यावर गेले आणि इकडे काही मासोळ्यांनी खाणं सोडलं. सरकीची ढेप टाका, कोंडा टाका, तोंड उघडायलाच तयार नाहीत. गळे फुगलेले. मी पुस्तकी पंडित! रोगच आहे असं ठरवलं आणि त्यांना मिठाच्या पाण्याच्या घमेल्यात बुडवायचा सपाटा लावला. सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस.

तिसऱ्या दिवशी एकीनं सुखदेवच्या ओंजळीत तोंड उघडलं आणि मोहरीएवढी पिलं भुळुभुळू बाहेर पडली. सुखदेव कितीतरी वेळ ओंजळ तशीच धरून उभा होता. मग म्हणाला, “बिमार नाई जी ते. पिलं तोंडात घेऊन उपाशी राहून राह्यली, अन् आपुन तिले मीठ चारून राह्यलो.”

साहेब परत आले, त्यांनी ऐकून घेतलं. ही मादी अंडी-पिलं तोंडातच सांभाळते, हे त्यांना ठाऊक होतं. मला सांगायचं राहिलं, ही चूक त्यांनी आपल्या नावावर लिहिली. आणि निरीक्षणापुढे सुखदेवचं पूर्ण नाव. नागपूरला बुद्धाची दीक्षा घेऊन आल्यापासून सुखदेव अक्षरं गिरवत होता. ती ओळ त्यानं स्वतः बोट ठेवून वाचली. 

*

दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत चारही तळी गच्च. नुसती बोटाएवढी मासोळी! तोंडं वाढली, खाणं तेवढंच, मग मोठं कोण होणार? साहेबांनी तोड काढली. फक्त नर सोडायचे. मादीच नाही तर पिलावळ कुठून? आणि प्रयोगासाठी त्यांच्या नजरेत होता दोन कोसावरचा भोयांचा तलाव.

त्या तलावावर भोयांची दहा-बारा घरं जगत होती. रोहू, मरळ, जे निघेल ते बाजारात जायचं. तिथे शब्द चालायचा सुभद्राबाईंचा. साठीची विधवा बाई, बोलणं मोजकं. साहेबांनी तासभर समजावलं. सुभद्राबाईंनी एकच विचारलं, चुकून मादी आली तर आमच्या रोहूच्या तोंडचं कोण खाईल?

“येणार नाही,” साहेब म्हणाले. “माझा माणूस एकेक मासा हातात घेऊन पाहील.”

तो माणूस म्हणजे मी.

*

आता हे सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो. मासा उताणा करायचा, शेपटीकडे पोटाखाली बारीक भोकं पाहायची. नराला दोन, मादीला तीन. सुईच्या टोकाएवढी. आणि मला त्या वर्षी जवळचं धूसर दिसायला लागलं होतं. चष्मा घ्यायचा, तर घरी मुली पाहणं चालू! चष्मेवाल्याला कोण मुलगी देतं, असं आई म्हणायची आणि मला ते पटायचं.

दिवसभर मासे उताणे केले. पाच-सहांबद्दल खात्री नव्हती. साहेबांना दाखवले असते तर एका मिनिटाचं काम होतं. मी ते नरांच्या घमेल्यात टाकले.

*

वर्षभरात तलावभर बोटाएवढी तिलापिया झाली. रोहू जाळ्यात येईना. सगळे भोई तलावाच्या पाळीवर, बांधावर जमले. साहेब हात जोडून म्हणाले, “चूक माझी. मीच नीट पाहिलं नाही.” मी त्यांच्या मागे उभा होतो. 

उपाय एकच होता. उन्हाळ्यात मोरी उघडून तलाव पुरता कोरडा करायचा, म्हणजे उरलीसुरली रोहूही जाणार आणि दहा-बारा घरांचं एक वर्ष जाणार. सुभद्राबाई म्हणाल्या, करा. बाया-माणसं, साहेब, सुखदेव, सगळे चिखलात उतरले. वेचून वेचून तिलापिया काढली. भोयांची माणसं त्या वर्षी मजुरीनं कपाशी वेचायला मारेगावकडे गेली.

 एका दुपारी सुभद्राबाईंच्या झोपडीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. डोळ्यांचं, चष्म्याचं, त्या पाच-सहा माशांचं. त्या जाळं विणत होत्या. ऐकलं आणि विणत राहिल्या. बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी उठून आलो.

*

तलाव पुन्हा भरला. कलकत्त्याहून रोहूचं बी मडक्यांतून आलं, केसाएवढी पिलं. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मडकं उचललं. सारे भोई पाळीवर उभे. मी लांब, बाभळीखाली. तोवर मला चष्मा लागला होता. लग्न नव्हतं झालं.

सुभद्राबाईंनी साहेबांच्या हातातून मडकं काढून घेतलं. पाळीवरून चालत माझ्यापर्यंत आल्या. सगळे बघत होते. मडकं माझ्या हातात दिलं.

“तू सोड,” म्हणाल्या. “पाहून सोडजो, बापू.”