केबिनमधला चहा

आमच्या नौपाड्यातल्या नर्सिंग होममध्ये सिस्टरला केबिनमध्ये बसा म्हणायची पद्धत नाही. उभ्यानं ऐकायचं आणि निघायचं. त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी स्वतः खुर्ची पुढे केली, वर चहा मागवला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आदल्या आठवड्यात एका आजींना इंजेक्शनची रिअॅक्शन आलेली. वाचल्या बिचाऱ्या, पण मुलानं नोटीस धाडली. इंजेक्शन मी दिलं होतं, याच डॉक्टरांनी फोनवर सांगितलं म्हणून. आमच्याकडे अशी ऑर्डर फोन स्पीकरवर टाकून घेतात, म्हणजे सोबतची सिस्टरही ऐकते. आधी त्वचेवर थोडं टोचून टेस्ट करू का, असं मी विचारलेलं. याआधी घेतलंय त्यांनी, गरज नाही, असं उत्तर आलं. सोबतच्या सिस्टरनं ते ऐकलं. ती मोहने गावची, आम्ही वर्षानुवर्षं एका डब्यात जेवतो. नोटीस आल्यापासून मात्र तिला माझ्या वेळेला भूकच लागेनाशी झाली होती.

केबिनमध्ये हॉस्पिटलचे वकील होते. तुम्ही आमच्या घरच्याच, काळजी करू नका, म्हणाले. घरचं माणूस म्हणून मला आजवर दिवाळीतसुद्धा रजा मिळालेली नाही. मग ते अगदी हळुवारपणे म्हणाले,

“सिस्टर, घाईत टेस्ट करायची राहून गेली असेल, नाही का?”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते बिनसाखरेच्या चहात चमचा फिरवत बसले होते.

डॉक्टरांचा विमा आहे, हॉस्पिटलचा आहे, वकीलही त्यांचाच. खापर फोडायला उरलं कोण? माझं रजिस्ट्रेशन गेलं असतं, तर मी घरी बसले असते. दुसरं काही येत नाही मला.

डोंबिवलीची माझी नणंदही नर्स. तिनं मागे लागून मला स्वतःची पॉलिसी काढायला लावली होती, कामात काही झालं तर वकिलाचा खर्च मिळेल अशी. खरं सांगते, तेव्हा मला तिचाच संशय आलेला. एजंटशी हिचं साटंलोटं असणार, असं वाटलं होतं.

चहाला हात न लावता मी उठले. माझा स्वतःचा विमा आहे, आता माझा वकीलच बोलेल, एवढंच सांगितलं. यावर मात्र ‘काळजी करू नका’ असं कुणी म्हणालं नाही.

दुपारपर्यंत सगळ्या मजल्याला कळलं. मी कपडे बदलत होते, तेवढ्यात मोहन्याची ती आत आली आणि तिनं दार लावून घेतलं. मला भरून आलं. वाटलं, ऐकलेलं सांगते म्हणायला आली.

“तो विमा कुठून काढलास गं? मलाही काढायचाय.”

“आणि फोनवर ऐकलंस ते?”

“मला खरंच आठवत नाही गं,” ती फरशीकडे बघत म्हणाली.

मी तिला एजंटचा नंबर दिला. तिच्यावर वेळ आली, तर तिच्या शेजारीही कुणीतरी उभी असेलच, ऐकत.